नदारच्या पद्धतीने पोर्ट्रेट कसं काढायचं

पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा लेखकाचा फोटो, मैफलीच्या पत्रिकेवरचा गायिकेचा फोटो, गौरवअंकातला कार्यकर्त्याचा फोटो. हे फोटो बहुतेक वेळा कुठल्या तरी कार्यक्रमातून कापून घेतलेले असतात. मागे फ्लेक्सची अर्धी अक्षरं, गळ्यात हार, फ्लॅशमुळे चमकणारं कपाळ. पन्नास वर्षं लिहिलेल्या माणसाचा एवढाच चेहरा पुढे उरावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते टाळणं अवघड नाही. एक खिडकी, एक जाडसर कापड, साधा कॅमेरा किंवा बऱ्यापैकी मोबाइल आणि समोरच्या माणसासाठी राखून ठेवलेली एक सकाळ इतकं पुरतं. पद्धत मात्र हवी, आणि ती पॅरिसमधल्या एका माणसाने १८५५ च्या आसपास इतकी पक्की करून ठेवली आहे की तीच पायरीपायरीने सांगतो.

त्याचं खरं नाव गास्पार-फेलिक्स तूर्नाशाँ, जन्म १८२०, पण जग त्याला नदार म्हणूनच ओळखतं. तो आधी व्यंगचित्रकार आणि पत्रकार. १८५४ मध्ये त्याने ‘पँथिऑन नदार’ नावाचा भलामोठा शिळाछापाचा तक्ता छापला. त्यावर पॅरिसचे सुमारे अडीचशे साहित्यिक आणि पत्रकार ओळीने चालताना दिसतात. म्हणजे कॅमेरा हाती येण्याआधीच शहरातल्या नामवंतांचे चेहरे त्याने हाताने काढून काढून पाठ केले होते. कोणाचं नाक कसं, कोण मान कुठे कलवतो, कोण खांदे पाडून उभा राहतो, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने सँ-लाझार रस्त्यावरच्या ११३ क्रमांकाच्या घरात स्टुडिओ थाटला. बोदलेअर, द्यूमा, गोतिए, नेर्व्हाल हे लेखक-कवी, रॉसिनी हा संगीतकार, देलाक्रोआ हा चित्रकार, अशी मंडळी त्याच्यासमोर बसली. यातले कित्येक त्याचे मित्र होते.

‘नदार’ या नावावर हक्क कोणाचा, यावरून त्याचा धाकटा भाऊ आद्रियाँ याच्याशी कोर्टात वाद झाला आणि १८५७ मध्ये निकाल नदारच्या बाजूने लागला. त्या वादात त्याने मांडलेला मुद्दा माझ्या दृष्टीने या कलेचा पाया आहे. फोटोग्राफीचं शास्त्र तासाभरात शिकता येतं आणि हाताचं काम दिवसभरात. शिकवता येत नाही ती प्रकाशाची जाण, आणि समोरच्या माणसाला आतून ओळखून त्याच्याशी चटकन जुळवून घेण्याची हातोटी. खालच्या पायऱ्यांमध्ये मी सर्वांत जास्त जागा या दोन गोष्टींनाच दिली आहे.

आधी डोळे तयार करा

कॅमेरा काढण्याआधी एक संध्याकाळ फक्त बघण्यात घालवा. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘गालिका’ हा डिजिटल संग्रह, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, लॉस एंजेलिसचं गेटी म्युझियम या तिन्हींच्या संकेतस्थळांवर नदारची चित्रं मोठ्या आकारात बघता येतात. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर बघा.

सुरुवात अभिनेत्री सारा बर्नहार्टपासून करा. साल १८६४ च्या आसपासचं. ती जेमतेम विशीची, अजून फारसं नाव झालेलं नाही. खांबाच्या एका ठोकळ्यावर कोपर टेकून ती उभी आहे आणि अंगाभोवती भरघोस वस्त्र गुंडाळलेलं, एवढंच. ओळखू येईल असा झगा नाही, टोपी नाही, नाटकातलं पात्र सुचवणारं काही नाही. उघडा खांदा, मोकळे दाट केस आणि कानात एक छोटा दागिना. प्रकाश एका बाजूने वरून उतरतो, गालाच्या हाडावर थांबतो आणि मानेच्या खळगीत विरतो. वस्त्राच्या घड्या खाली जाता जाता गडद होत जातात, त्यामुळे नजर खाली घरंगळत नाही, परत चेहऱ्याकडेच येते. पोशाख काढून घेतल्यामुळे चित्राला तारीखही चिकटत नाही.

आता त्याच शहरातल्या दिस्देरी या फोटोग्राफरची चित्रं शेजारी ठेवा. आंद्रे-अदोल्फ-यूजेन दिस्देरीने नोव्हेंबर १८५४ मध्ये ‘कार्त द व्हिझीत’चं पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक छोटी चित्रं टिपायची, छापून कापायची आणि साधारण ६ बाय १० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवायची. भाव एकदम उतरला. राजेरजवाडे, नट्या, सेनापती यांची कार्डं दुकानांत विकायला आली, लोक ती अल्बममध्ये जमवू लागले. फोटो सामान्य माणसाच्या हातात गेला याचं मोठं श्रेय दिस्देरीला आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण त्या कार्डांवर माणूस पायापासून डोक्यापर्यंत उभा असतो आणि बाजूला पडदा, कठडा, खांब, टेबल. चेहरा नखाएवढा. कपडा आणि हुद्दा ठळक दिसतो, माणूस मात्र हाती लागत नाही.

दोन्ही चित्रं बघताना चार गोष्टी वहीत टिपा. डोळ्यांच्या बाहुलीत चमक किती वाजण्याच्या जागी आहे? नाकाची सावली कुठवर पोचते? हात दिसतात का, आणि दिसत असतील तर काय करताहेत? पार्श्वभूमी चेहऱ्याच्या उजळ बाजूला गडद आहे की फिकट? ही टिपणं पुढे खोली लावताना थेट उपयोगी पडतील.

प्रकाश

नदारचा स्टुडिओ वरच्या मजल्यावर, काचेच्या छपराखाली होता. त्या काळची कोलोडियनची (एका चिकट रसायनाचा लेप दिलेली) काच फार मंद, म्हणजे उजेड सावकाश टिपणारी. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत काचेवर कोलोडियन ओतायचं, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचं आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच डेव्हलप करायचं. भरपूर उजेड असूनही माणसाला काही सेकंद निश्चल बसावं लागे. म्हणून सगळ्याच फोटोग्राफरांना काचेचं छप्पर लागायचं. पण बहुतेक जण तो उजेड चोहोबाजूंनी आत घेत. नदारने आपल्या चांगल्या काळात तो पडद्यांनी अडवून एका दिशेने आणला. त्याच्या चेहऱ्यांना जो घडीव उठाव आहे तो या अडवण्यातून आलेला आहे.

आपल्या घरात काचेचं छप्पर नसतं, खिडकी असते. तेव्हा खोली अशी लावा.

उत्तरेकडची खिडकी निवडा. वर्षातला बराच काळ तिथून थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. पण युरोपातली पुस्तकं वाचून उत्तर म्हटलं की सावली असं धरून चालू नका. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे असतो, आणि मार्चअखेर ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत शिरतं. अशा वेळी काचेवर ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं मलमल ताणून लावा. रंगीत पडदा अजिबात नको, त्याची छटा चेहऱ्यावर येते. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ या कामासाठी सर्वांत उत्तम. जून-जुलैची झाकोळलेली सकाळ मिळाली तर ती सोडू नका.

मग खिडकीचा खालचा भाग झाका. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग चित्र ‘खिडकीजवळ बसलेला माणूस’ एवढंच होतं. आपल्याकडच्या खिडक्या कमरेपासून सुरू होतात, त्यामुळे उजेड आडवा आणि खालूनही येतो. हनुवटीखालची सावली नाहीशी होते, चेहरा सपाट दिसतो. बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत खिडकीवर काळं कापड किंवा पुठ्ठा लावा. आता उजेड वरून, साधारण पंचेचाळीस अंशांनी उतरेल. डोळ्यातली चमक दहा किंवा दोन वाजण्याच्या जागी येईल. हा बदल घडताना एकदा डोळ्यांनी बघाच. घरातल्या कोणाला तरी खुर्चीवर बसवा आणि कापड हळूहळू वर न्या. भुवईखाली, नाकाशेजारी, ओठाखाली सावली जमू लागेल आणि चेहऱ्याला हाड येईल.

माणसाला खिडकीपासून एक ते दीड मीटरवर बसवा. फार जवळ बसवलं तर एक गाल पांढराफटक आणि दुसरा अंधारात. दूर नेलं की उजेड मऊ होतो पण मंदावतो. खुर्ची खिडकीच्या थोडी मागे सरकवा, म्हणजे उजेड बाजूने आणि किंचित समोरून येईल. नाकाची सावली गालावर उतरावी पण दुसऱ्या डोळ्याला अंधारात ढकलू नये. तो डोळा जिवंत राहिला पाहिजे. तिथे छोटा प्रकाशाचा त्रिकोण पडला की जागा बरोबर आहे असं समजा.

अंधाऱ्या बाजूसाठी दोन वस्तू हाताशी ठेवा. थर्माकोलची पांढरी शीट सावली उचलते, काळं कापड ती आणखी गडद करतं. आपल्या घरांच्या भिंती पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या असतात आणि त्या नकळत उजेड परत फेकत राहतात, म्हणून मी आधी काळं कापड लावून बघतो आणि गरज वाटली तरच थर्माकोल आणतो. खोलीतले सगळे दिवे बंद. ट्यूबलाइट आणि आभाळाचा उजेड एकत्र आले की पुढे कृष्णधवल करतानाही त्रास होतो.

मागचं कापड, अंगावरचं कापड

पार्श्वभूमी काळी नको. काळ्यावर काळे केस आणि गडद कपडे हरवतात, डोकं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. मातकट राखाडी किंवा तपकिरी रंगाचं जाड सुती कापड घ्या. गादीपाटाचं साधं कापड रंगवून घेतलं तरी चालतं, फक्त चमक नको आणि इस्त्रीच्या घड्या नकोत. माणूस आणि कापड यांत दीड-दोन मीटर अंतर ठेवा. कापड खिडकीपासून जितकं लांब तितकं गडद होईल, म्हणजे एकाच कापडातून तीन-चार छटा मिळतात. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूमागे कापड जरा उजळ असेल तर कडा सुटी होते.

पोशाखाबद्दल नदारचा कल स्पष्ट दिसतो: गडद, सैल, साधा. पुरुष बहुधा काळ्या कोटात, आणि त्या कोटाचं मोठं गडद वस्तुमान चेहऱ्याला तोलून धरतं. आपल्याकडे हेच काम गडद शाल, जाड खादीचा कुर्ता, एकरंगी सुती साडी करू शकते. बारीक चौकटी, मोठी जर, चकचकीत रेशीम टाळा. पण समोरच्या माणसाची ओळखच नऊवारीशी, पागोट्याशी किंवा जाड चष्म्याशी बांधलेली असेल तर ते हट्टाने काढायला लावू नका. नदारने साराचा झगा काढून वस्त्र गुंडाळलं ते तिच्यासाठी. लेखिका जॉर्ज सँडला मात्र १८६४ मध्ये त्याने तिच्या पट्ट्यापट्ट्यांच्या ऐसपैस पोशाखातही टिपलं आणि ते सगळे पट्टे तिला शोभले.

टेबल, फुलदाणी, पुस्तकांची रांग, तानपुरा हे सगळं बाहेर. एक खुर्ची ठेवा, हाताची असली तर बरं. बोदलेअर एका चित्रात जुन्या धाटणीच्या खुर्चीत मागे रेलून बसला आहे, डोकं पाठीला टेकलेलं. ती खुर्ची सजावट म्हणून आलेली नाही, तिने त्याच्या शरीराला विसावा दिला आणि म्हणून नजर तशी आली.

कॅमेरा

इथे फार वेळ घालवू नका. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स, लहान सेन्सरवर ५० ची, मोबाइलवर दोन किंवा तीन पटीची लेन्स. मोबाइलची मुख्य रुंद लेन्स घेऊन जवळ जाल तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतील. माणसापासून किमान दोन मीटर दूर राहा. ‘पोर्ट्रेट मोड’ बंद ठेवा, तो केसांच्या कडा खातो. शक्य असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या.

लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) २.८ ते ४, आयएसओ (सेन्सरची उजेडाला दाद देण्याची क्षमता) १०० ते ४००, कॅमेरा ट्रायपॉडवर. शटर सेकंदाच्या आठव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंत ठेवून बघा. हा वेग आजच्या सवयीला मंद वाटेल, पण मी तो मुद्दाम सुचवतो आहे. माणसाला अर्धा सेकंद स्थिर राहायचं आहे हे कळलं की तो हसण्याचा आव सोडतो. ओठ मिटतात, श्वास खाली जातो, चेहरा आपल्या मूळ जागी येतो. जुन्या चित्रांतल्या गांभीर्याचं एक कारण हेच होतं. वयस्कर व्यक्तीची मान थरथरत असेल तर साठाव्या भागावर जा आणि आयएसओ वाढवा. चित्र धूसर होण्यापेक्षा थोडे दाणे दिसलेले चालतात.

एक्स्पोजर उजळ गालावर मोजा आणि तिथला पोत जाणार नाही एवढं धरा. सावली पडू द्या. फोकस जवळच्या डोळ्यावर, पापणीवर नाही, बाहुलीवर. चित्र कमरेपर्यंत किंवा मांडीपर्यंत घ्यायचं असेल तर कॅमेरा छातीच्या उंचीला, फक्त चेहरा घ्यायचा असेल तर डोळ्यांच्या उंचीला.

समोरचा माणूस

भेटायच्या आधी त्या व्यक्तीचं काम बघून जा. लेखक असेल तर निदान एक पुस्तक संपूर्ण वाचा, गायिका असेल तर एक राग शांतपणे ऐका, पंचवीस वर्षं पाण्याच्या प्रश्नावर काम केलेली कार्यकर्ती असेल तर तिचं गाव कुठलं, लढा कशाचा, हे जाणून घ्या. नदारकडे हे ज्ञान मैत्रीतून आलेलं होतं. आपल्याला ते कष्टाने मिळवावं लागतं, पण मिळतं.

लोकांना कॅमेऱ्यासमोर भीती वाटते, मोठ्या माणसांना जरा जास्तच. नदारने आपल्या आठवणींत बाल्झाकबद्दल लिहिलं आहे: प्रत्येक माणूस म्हणजे एकावर एक रचलेले असंख्य सूक्ष्म पापुद्रे, आणि दर फोटोगणिक त्यातला एक कायमचा गळून पडतो, असं त्या महान कादंबरीकाराला वाटे. आज असं कोणी म्हणत नाही, पण खुर्चीत बसल्यावर खांदे वर जातात आणि बोटं एकमेकांत अडकतात ती त्याच भीतीपोटी. म्हणून पहिली वीस-पंचवीस मिनिटं कॅमेऱ्याला हात लावू नका. खोली आधीच लावून ठेवा, म्हणजे पाहुण्यासमोर तुमची स्टँड-कापडांची धावपळ होणार नाही. चहा घ्या. त्याच खुर्चीवर बसून बोला.

बोलताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. माणूस विचार करताना नजर कुठे नेतो, आणि ऐकताना हात कुठे ठेवतो. या त्याच्या स्वतःच्या जागा. पुढे पोज देताना नवीन काही शिकवायचं नाही, याच जागांवर त्याला परत न्यायचं. “काकू, मघाशी आईबद्दल सांगताना तुम्ही खुर्चीच्या हातावर हात टेकला होता, तसाच ठेवा,” एवढं म्हटलं की पुरतं. “नैसर्गिक राहा” असं मात्र कधी म्हणू नका, तेवढ्याने कोणीही अवघडतं.

हातांचा प्रश्न नदारने बऱ्याचदा सरळ मार्गाने सोडवला: खिशात, कोटाच्या आत, नाहीतर एक हात दिसेल आणि दुसरा नाही. दोन्ही हात समोर, सारख्या उजेडात आले की ते चेहऱ्याशी भांडतात. याला एक सुंदर अपवाद म्हणजे जेरार द नेर्व्हालचं चित्र. तो बसलेला आहे, हात मांड्यांवर जडपणे ठेवलेले, आणि थेट आपल्याकडे बघतो आहे. जानेवारी १८५५ मध्ये त्याने जीव दिला, त्याआधी थोड्याच काळातलं हे चित्र. त्या हातांत थकवा आहे. हात दाखवायचे तर असं काही सांगत असतील तेव्हाच दाखवावेत.

शरीर खिडकीपासून थोडं वळलेलं आणि चेहरा खिडकीकडे परत आणलेला, ही माझी आवडती सुरुवात. मान लांब दिसते, खांदा पुढे येतो, आणि उजेड चेहऱ्यावर जास्त व छातीवर कमी पडतो. नजर कॅमेऱ्यात की बाहेर, ते माणसावर सोडा. काही जण कॅमेऱ्याकडे बघताना कठोर होतात. त्यांना तुमच्या सोबत्याशी बोलू द्या.

टिपताना शांत राहा. “आता श्वास सोडा... आणि थांबा,” एवढीच सूचना. श्वास सोडल्यावरचा क्षण सर्वांत स्थिर असतो. तीन-चार फ्रेम घ्या आणि थांबा. नदारच्या स्टुडिओत प्रत्येक काचेसाठी ओतणं, बुडवणं, टिपणं, धुणं असा सगळा खटाटोप होता. त्या सक्तीच्या मधल्या वेळेत पुन्हा गप्पा होत असणारच. तशीच मोकळीक तुम्ही ठरवून ठेवा. तासाभरात तीस फ्रेम खूप झाल्या. मधे मधे पडद्यावर फोटो दाखवत बसू नका, त्याने माणूस स्वतःलाच बघू लागतो.

दोन वेगळ्या वाटा

सगळ्यांना हीच मांडणी शोभेल असं नाही. समोरची व्यक्ती वयस्कर असेल, चेहऱ्यावर रेषांचं जाळं असेल, तर जुलिया मार्गारेट कॅमेरॉन या इंग्रज फोटोग्राफरकडे वळा. कोलकात्यात १८१५ मध्ये जन्मलेल्या या बाईंच्या हाती पहिला कॅमेरा आला तो १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने दिलेल्या भेटीतून. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट या बेटावर कोंबड्यांच्या खुराड्याचा त्यांनी काचघर-स्टुडिओ केला आणि तिथून टेनिसन, डार्विन अशांची चित्रं काढली. १८६७ चं जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाचं चित्र बघा. चौकटभर फक्त डोकं, भोवती काळोख, आणि धुऊन मोकळे सोडलेले पांढरे केस. कडा मऊ, फोकस काटेकोर नाही, पण डोळे तुमचा पाठलाग करतात. असं करायचं तर जवळ या, छिद्र पूर्ण उघडा, खांद्यांवर काळी शाल घाला, थर्माकोल काढून टाका.

सार्वजनिक पदावरच्या किंवा पदाची उमेदवारी करणाऱ्या व्यक्तीसाठी मॅथ्यू ब्रेडी या अमेरिकी फोटोग्राफरचं उदाहरण उपयोगी आहे. २७ फेब्रुवारी १८६० रोजी, कूपर युनियन या संस्थेतल्या भाषणाच्या दिवशी, अब्राहम लिंकन न्यूयॉर्कमध्ये त्याच्या स्टुडिओत आले. उंच, किडकिडीत, लांब मानेचा माणूस. ब्रेडीने त्यांना उभं केलं, हात पुस्तकांवर ठेवला आणि गळपट्टी वर ओढून मान आखूड दिसेल असं केलं. तेच चित्र निवडणुकीच्या प्रचारात सर्वत्र गेलं. इथे वस्तू चालते, पण एकच, आणि तिचं कारण असलं पाहिजे. कॉलर, पदर, उपरणं नीट करायला दोन मिनिटं द्या, मात्र विचारून. “पदर जरा सारखा करू का?” असं विचारल्याशिवाय कोणाच्या अंगाला हात लावू नये.

हे सगळं तिकडेच घडत होतं असंही नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तीही १८५४ सालीच. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी आणि स्वतः हौसेने फोटो काढणारे. फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. आपल्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये पणजोबांचा पडद्यासमोरचा फोटो असेल तर त्यातला उजेड कुठून येतो ते शोधून बघा.

कृष्णधवल करताना

कोलोडियनला मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाश दिसायचा. लाल जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे निळे डोळे फिकट, गालावरचे तांबूस ठिपके गडद आणि लालसर वस्त्र काळं येई. तो परिणाम हवा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये रंगांचं मिश्रण बदला: लाल शून्य, हिरवा आणि निळा मिळून शंभर. युरोपीय लेखांत निळा सत्तरपर्यंत न्या असं सांगितलेलं असतं. सावळ्या, गव्हाळ त्वचेवर तसं केलं तर चेहरा कोळशासारखा होतो आणि पोत मरतो. हिरवा ६० ते ७०, निळा ३० ते ४० इथून सुरुवात करा आणि चेहरा बघत पुढे जा. मोबाइलवर काम करत असाल तर स्नॅपसीडच्या कृष्णधवल साधनात हिरवा फिल्टर निवडा. त्यासाठी कपडे निवडतानाच लक्षात ठेवा की मरून शाल जवळपास काळी दिसेल आणि आकाशी कुर्ता पांढुरका.

त्वचा गुळगुळीत करणारं कुठलंही साधन वापरू नका. सुरकुती, व्रण, चष्म्याने नाकावर पाडलेली खूण, हे सगळं राहू द्या. कोपरे हलके गडद करा, उजळ भागात किंचित पिवळसर आणि सावलीत तपकिरी-जांभळट छटा द्या, कारण अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप देऊन सोन्याच्या क्षाराने टोन केलेल्या कागदाचा रंग साधारण तसा असे. अति नको. खोटे ओरखडे, डाग, फाटलेल्या कडा यांचे फिल्टर तर मुळीच नकोत. नदारच्या हातातून चित्र बाहेर पडलं तेव्हा ते ताजं, स्वच्छ आणि खोल होतं. पिवळेपणा आणि डाग नंतरच्या दमटपणाने आणि अर्धवट धुतलेल्या रसायनांनी आणले. आपण त्या चित्रांच्या आजाराची नक्कल का करायची?

निवड आणि छपाई

निवड त्याच दिवशी करू नका. दोन दिवसांनी सगळ्या फ्रेम छोट्या आकारात एकत्र लावा आणि लांबून बघा. ज्यातलं डोकं आणि खांदे यांचा आकार लांबूनही त्या माणसाचा वाटतो, त्या बाजूला काढा. मग मोठं करून डोळे तपासा. शेवटी दोन किंवा तीनच ठेवा.

स्वतःचं चित्र पहिल्यांदा बघून जवळपास प्रत्येक जण हिरमुसतो, आणि या बाबतीत पुरुष बायकांपेक्षा जास्त हळवे असतात, असं नदारने १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नोंदवलं आहे. हे आजही जसंच्या तसं लागू पडतं. म्हणून त्या व्यक्तीला फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका. छापलेलं चित्र घेऊन जा, हातात द्या, आणि थोडा वेळ तिला त्याच्यासोबत एकटं राहू द्या. घरच्या कोणाला तरी दाखवायला सांगा. माणसाला स्वतःचा चेहरा आरशात उलटा बघायची सवय असते, खरा चेहरा मुलीला किंवा नवऱ्याला जास्त ओळखीचा असतो. त्यानंतरही नापसंत असेल तर ते चित्र छापायचं नाही, यावर वाद घालू नये.

छपाईला चकचकीत कागद नको. सुती लगद्याचा मॅट कागद मागा, आर्ट प्रिंट करणाऱ्यांकडे मिळतो. आकार फार मोठा लागत नाही, ८ बाय १० इंच हातात धरून बघायला योग्य. भोवती दोन इंचांची मोकळी कडा आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याची चौकट. कागद दमट भिंतीवर, विशेषतः पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका.

१८६० नंतर नदारने काप्यूसीन बुलेव्हारवर ३५ क्रमांकाच्या जागेत प्रशस्त स्टुडिओ उघडला. दर्शनी बाजू लाल, त्यावर त्याची भलीमोठी सही. खर्च भागवायला मग त्यालाही छोटी कार्डं मोठ्या प्रमाणात काढावी लागली, आणि त्या काळातल्या बऱ्याच चित्रांत सँ-लाझारची ती जवळीक सापडत नाही. (पुढे १८७४ मध्ये याच जागेत मोने, रेनुआर आणि त्यांच्या साथीदारांचं पहिलं प्रदर्शन भरलं.) हे सांगायचं कारण एवढंच की तुम्हालाही एका दिवशी आठ जणांचे फोटो उरकून द्या असं सांगणारा आयोजक भेटेल. सकाळी एक आणि दुपारी एक, याहून जास्त घेऊ नका. आठही हवेच असतील तर चार दिवस मागून घ्या.

शेवटचं काम पेन्सिलीचं. छापलेल्या चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने व्यक्तीचं पूर्ण नाव, तारीख, गाव आणि तुमचं नाव लिहा. बॉलपेन नको, ते उमटतं आणि शाई पुढे झिरपते. हीच माहिती फाइलच्या नावात आणि मेटाडेटातही भरा. एक प्रत त्या व्यक्तीला, एक तुमच्याकडे, आणि तिची परवानगी असेल तर एक गावातल्या ग्रंथालयाला किंवा ती ज्या संस्थेशी जोडलेली आहे तिथे द्या.